कथानकाची उसनवारी : अमेरिकन कादंबरी आणि सोव्हिएत कथा

दलित साहित्याला साहित्य म्हणावे की नाही हा वाद संपण्यापूर्वीच त्याच्यावर दुसरा आरोप झाला. हे साहित्य अमेरिकेतील निग्रो साहित्याचे अनुकरण आहे, असे सांगितले गेले. १९७२ साली स्थापन झालेल्या 'दलित पँथर'चे नावच अमेरिकेतील 'ब्लॅक पँथर'वरून घेतलेले होते; तेव्हा आरोप करणाऱ्यांना पुरावाही आयताच मिळाला. काहींनी हा प्रभाव साफ नाकारला, काहींनी तो अभिमानाने मान्य केला. परंतु प्रभाव म्हणजे नेमके काय, एका समाजातील गोष्ट दुसऱ्या समाजात जाते तेव्हा तिच्यातले काय टिकते आणि काय बदलते, हा मूळ प्रश्न या वादात मागेच राहिला.

हा प्रश्न शांतपणे तपासायचा तर जरा दूरचे उदाहरण घेणे बरे. ज्यात आपण वादी नाही आणि प्रतिवादीही नाही, असे एक उदाहरण साहित्याच्या इतिहासात आहे. अमेरिका आणि सोव्हिएत रशिया ही विसाव्या शतकातील दोन परस्परविरोधी राष्ट्रे. एकाची अर्थव्यवस्था भांडवलशाहीची, दुसऱ्याची समाजवादाची. तरीही सोव्हिएत कथाकारांनी सुमारे साठ वर्षे अमेरिकन कादंबऱ्या आणि कथा वाचल्या, त्यांच्यापासून कथानके रचायला शिकले, प्रसंगी सबंध सांगाडाच उचलला. प्रगती प्रकाशनाच्या स्वस्त पुस्तकांतून सोव्हिएत कथा वाचलेल्या आपल्या पिढीला या कथांच्या मागे उभे असलेले हे अमेरिकन गोत्र ठाऊक असतेच असे नाही.

कथानक हा शब्द येथे कोणत्या अर्थाने वापरला आहे ते आधी सांगितले पाहिजे. कथेतील घटना हा तिचा कच्चा माल. त्या घटना कोणत्या क्रमाने सांगायच्या, काय लपवून ठेवायचे आणि शेवटी गाठ कशी सोडवायची, ही जी रचना तिला आपण कथानक म्हणू. घटना त्या त्या समाजाच्या मालकीची असते. रचना मात्र प्रवास करू शकते.

या प्रवासाची सुरुवात क्रांतीच्या पुष्कळ आधी झाली. हॅरिएट बीचर स्टो या बाईंची 'अंकल टॉम्स केबिन' ही कादंबरी १८५२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. झार पहिल्या निकोलसच्या राजवटीत ती रशियन भाषेत छापणे अशक्य होते. गुलामांची कहाणी भूदासांच्या देशात कशी वाचली जाईल, हे राज्यकर्त्यांना नीट कळत होते. निकोलस १८५५ साली मेला आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांतच ही कादंबरी रशियनमध्ये आली. १८५८ साली 'सोव्रेमेन्निक' या मासिकाने ती आपल्या वर्गणीदारांना पुरवणी म्हणून दिली. भूदासप्रथा १८६१ साली कायद्याने संपली. कादंबरीमुळे ती संपली असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. परंतु मळ्यावर फटके खाणाऱ्या काळ्या गुलामाच्या जागी रशियन वाचकाने आपला 'मुझिक' पाहिला, हे खरे. पुढे टॉलस्टॉयने कलेसंबंधीच्या आपल्या ग्रंथात या कादंबरीची गणना श्रेष्ठ कलेच्या उदाहरणांत केली. याच काळात इकडे महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ, निग्रो गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. दूरच्या माणसाच्या दुःखात आपले दुःख ओळखणे आणि त्याची नक्कल करणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. फुल्यांच्या त्या अर्पणपत्रिकेला कोणी अनुकरण म्हणत नाही.

क्रांतीनंतरच्या रशियात प्रश्न बदलला. जुनी रशियन कथा मनाचा ठाव घेण्यात निष्णात होती. चेखॉव्हच्या कथेत पुष्कळदा काही घडत नाही, आणि तेच तिचे सामर्थ्य असते. परंतु यादवी युद्ध, दुष्काळ, उलथापालथ यांतून गेलेल्या तरुण लेखकांना 'काही न घडणारी' कथा पुरेना. १९२१ साली पेत्रोग्राद येथे 'सेरापियन बंधू' नावाचा तरुण लेखकांचा एक गट जमला. झोश्चेन्को, कावेरिन, व्सेवोलोद इव्हानोव्ह, फेदिन हे त्यातले. त्यांच्यातील लेव्ह लुन्त्स याने 'पश्चिमेकडे चला' अशी आरोळीच दिली. रशियन गद्याला कथानक रचता येत नाही; ते पश्चिमेच्या साहसकथांपासून शिकले पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते. हा लेख १९२३ साली छापून आला आणि पुढच्याच वर्षी वयाच्या तेविसाव्या वर्षी लुन्त्स वारला. त्याचे म्हणणे मात्र मागे राहिले.

पश्चिमेकडून जे आले त्यात सर्वांत लोकप्रिय ठरला ओ. हेन्री. त्याचे खरे नाव विल्यम सिडनी पोर्टर. बँकेतील पैशांच्या अपहाराबद्दल त्याला शिक्षा झाली आणि १८९८ ते १९०१ अशी तीन वर्षे त्याने ओहायोच्या तुरुंगात काढली. शेवटच्या चार ओळींत सारी कथा उलटी करणारी कलाटणी ही त्याची खूण. १९२५ साली बोरिस आयखेनबाउम या समीक्षकाने ओ. हेन्री आणि कथेचे शास्त्र या विषयावर एक महत्त्वाचा लेख लिहिला. कादंबरी शेवटाकडे जाताना उतरणीला लागते, तर कथा आपला सारा भार शेवटावर टाकते, असा भेद त्याने केला. त्याचे दुसरे निरीक्षण आपल्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे. रशियन वाचकाला ओ. हेन्री भेटला तो त्याच्या अमेरिकन मुळांपासून सुटून. अमेरिकन वाचक त्याच्या भावुक कथांवर लुब्ध होता. रशियन वाचकाने त्याच्या चतुर, लबाड, खट्याळ कथा निवडल्या. म्हणजे घेणाऱ्याने दात्याचे सगळे घेतले नाही. आपल्याला हवे तेवढेच घेतले.

आता घेतलेल्याचे काय केले ते पाहा. ओ. हेन्रीचा जेफ पीटर्स हा गावोगाव हिंडून लोकांना गोड बोलून गंडवणारा भामटा. १९२८ आणि १९३१ साली इल्फ आणि पेत्रोव्ह या लेखकद्वयाने दोन विनोदी कादंबऱ्यांत ओस्ताप बेन्दर नावाचा असाच एक हसरा भामटा उभा केला. त्याचे नाते समीक्षकांनी पीटर्सशी जोडले आहे. पण पीटर्सच्या अमेरिकेत पैसा हाती आला की सारे जग हाती येते. बेन्दर मात्र दहा लाख रूबल मिळवतो आणि ते खर्च करायला त्याला जागाच सापडत नाही. हॉटेलातील खोल्या अधिवेशनाच्या प्रतिनिधींसाठी राखलेल्या, खाजगी माणसाला घर बांधता येत नाही, श्रीमंतीचा उपयोग शून्य. अखेरीस सरहद्द ओलांडताना रुमानियाचे शिपाई त्याला लुटून परत पाठवतात. भामटा तोच, युक्त्या त्याच; परंतु शेवट वेगळा, कारण समाज वेगळा. उसन्या कथानकाचा शेवट उसना घेता येत नाही, हे येथे पहिल्यांदा स्पष्ट दिसते.

झोश्चेन्कोच्या कथांतही हेच दिसते. ओ. हेन्रीची गरीब माणसे एकमेकांसाठी त्याग करतात आणि शेवटच्या कलाटणीत वाचकाचे डोळे पाणावतात. झोश्चेन्कोच्या १९२३ सालच्या एका कथेत एक नळकामगार जरा भारदस्त दिसणाऱ्या बाईला नाटकाला नेतो. मध्यंतरात ती उपाहारगृहात एकामागून एक केक खाऊ लागते. त्याच्या खिशात मोजून तीन केकचे पैसे. चौथ्याला तिने हात घातल्याबरोबर तो सर्वांसमक्ष ओरडतो आणि प्रेम तेथेच संपते. कथेचा भार येथेही शेवटावरच आहे. ओ. हेन्रीकडे गरिबीला शेवटी गोडवा येतो. झोश्चेन्कोकडे गरिबी गरिबीच राहते, आणि आपण हसतो ते ओशाळून.

गोड शेवटाविषयीचा हा संशय एका सोव्हिएत दिग्दर्शकाने थेट बोलून दाखवला. लेव्ह कुलेशोव्ह याने १९३३ साली ओ. हेन्रीच्या आयुष्यावर आणि कथांवर 'थोर सांत्वनकर्ता' या अर्थाच्या नावाचा एक चित्रपट काढला. ओ. हेन्रीची एक गाजलेली कथा तिजोरीफोड्या जिमी व्हॅलेंटाइनची आहे. सुधारलेला जिमी तिजोरीत अडकलेल्या मुलीला वाचवण्यासाठी आपली जुनी कला वापरतो. तो आता सापडणार हे ठरलेले, पण पाळतीवरचा गुप्त पोलीस ते पाहून त्याला सोडून देतो. कुलेशोव्हच्या चित्रपटात याच्या समांतर दुसरी गोष्ट चालते. तुरुंगातला खरा व्हॅलेंटाइन माफीच्या आशेने स्वतःची नखे बोटांच्या मांसापर्यंत कानशीने घासून अधिकाऱ्यांसाठी तिजोरी उघडून देतो. त्याला माफी मिळत नाही. तो तुरुंगातच मरतो. त्याच तुरुंगात कैदी असलेला लेखक हे सारे पाहतो आणि बाहेरच्या वाचकांसाठी गोड शेवटाची कथा लिहितो. प्रस्थापित साहित्यातील दयाळू जमीनदार आणि कनवाळू ब्राह्मण यांना कंटाळलेल्या वाचकाला कुलेशोव्हचा प्रश्न समजावून सांगावा लागणार नाही. पीडिताच्या कथेला सुखान्त देणारा लेखक सांत्वन कोणाचे करतो? पीडिताचे, की वाचकाचे?

ओ. हेन्रीच्या बरोबरीने रशियात वाचला गेला तो जॅक लंडन. कोवळ्या वयात कारखान्यात राबलेला, खलाशी झालेला, सोन्याच्या शोधात क्लाँडाइकला गेलेला आणि स्वतःला समाजवादी म्हणवणारा हा लेखक सोव्हिएत वाचकाला घरचाच वाटला. क्रुप्स्कायाबाईंनी आपल्या आठवणींत लिहिले आहे, की लेनिनच्या मृत्यूच्या दोन दिवस आधी, जानेवारी १९२४ मध्ये, त्यांनी त्याला लंडनची 'जीवनावरील प्रेम' ही कथा वाचून दाखवली. बर्फाळ ओसाडीत जोडीदाराने टाकून दिलेला, उपाशी, दुबळा माणूस सरपटत सरपटत समुद्रकिनारा गाठतो आणि त्याच्या मागे तसाच एक आजारी लांडगा सरपटत असतो, अशी ती कथा. लेनिनला ती फार आवडली. दुसऱ्या दिवशी वाचलेली लंडनचीच दुसरी कथा मात्र मालकाला दिलेला शब्द पाळण्यासाठी जीव देणाऱ्या कप्तानाची निघाली. तेव्हा लेनिन हसला आणि त्याने हात झटकला. एकाच लेखकातले काय घ्यायचे आणि काय टाकायचे, याचा निवाडा मृत्युशय्येवरचा वाचकही करत होता.

बर्फातून सरपटत जाणाऱ्या माणसाचा हा सांगाडा सोव्हिएत साहित्यात पुन्हा दिसतो तो बोरिस पोलेवॉय याच्या १९४६ सालच्या 'खऱ्या माणसाची गोष्ट' या कृतीत. रशियन भाषेत 'पोवेस्त' नावाचा एक प्रकार आहे. आपल्या दीर्घकथेपेक्षा मोठा, कादंबरीपेक्षा लहान. ही कृती त्या प्रकारची. येथे घटना खरी आहे. १९४२ साली अलेक्सेइ मारेस्येव्ह या वैमानिकाचे विमान शत्रूच्या हद्दीत पडले. पाय जायबंदी झालेले असताना तो अठरा दिवस जंगलातून सरपटत आला. पुढे दोन्ही पाय कापले गेले आणि लाकडी पायांनी तो पुन्हा विमान चालवू लागला. तेव्हा पोलेवॉयने ही घटना लंडनकडून घेतली असे कोणी म्हणणार नाही. परंतु दोन्ही कथा शेजारी ठेवून वाचाव्यात. लंडनच्या माणसाला जोडीदार टाकून जातो. तो वाचतो तो केवळ जगण्याच्या आदिम इच्छेने. पोलेवॉयच्या वैमानिकाला जळून गेलेल्या खेड्यातील, जमिनीखाली खोदलेल्या खोपटांत राहणारे भुकेले शेतकरी उचलून नेतात आणि आपल्या तोंडचा घास देतात. त्यानंतर रुग्णालयातला एक कमिसार त्याच्यात हिंमत भरतो. अमेरिकन कथेत माणूस एकटा वाचतो. सोव्हिएत कथेत त्याला समूह वाचवतो.

हा बदल चांगला की वाईट? उत्तर देण्याआधी तिसऱ्या माणसाची साक्ष काढली पाहिजे. वार्लाम शालामोव्ह हा लेखक १९३७ साली पकडला गेला आणि त्याची रवानगी ईशान्य सायबेरियातील कोलिमाच्या छळछावण्यांत झाली. मुदत संपत आली तशी शिक्षा वाढली. १९४३ साली आणखी दहा वर्षे झाली. १९५३ साली तो कोलिमातून बाहेर पडला आणि सुमारे वीस वर्षे 'कोलिमाच्या कथा' लिहीत राहिला. तेच बर्फ, तीच भूक, तेच सरपण आणि तीच शेकोटी. पण जॅक लंडनची कथा येथे उलटी होते. 'कोरडा शिधा' या अर्थाच्या नावाच्या त्याच्या कथेत चार कैद्यांना झाडे तोडण्यासाठी छावणीपासून दूर जंगलात धाडले जाते. पहारा नाही, मारहाण नाही. काही दिवस जणू सुखाचे जातात. काम पुरे झाले नाही, आता परत जावे लागणार, असे कळताच एक जण गळफास घेतो आणि दुसरा कुऱ्हाडीने आपल्या हाताची बोटे तोडतो. संकटातून मैत्री जन्मते असे पुस्तके सांगतात. शालामोव्हचा निवेदक म्हणतो, की ज्या संकटात मैत्री जन्मू शकते ते संकट अजून टोकाला गेलेलेच नसते. लंडनची इच्छाशक्ती येथे कोणाला वाचवत नाही, आणि पोलेवॉयचा समूहही येथे फिरकत नाही.

शालामोव्हने साठीच्या दशकात गद्यासंबंधी एक टिपण लिहिले. त्यातील विचार दलित साहित्याच्या प्रत्येक अभ्यासकाने नोंदवून ठेवावा असा आहे. तो म्हणतो, की लेखकाचा 'पर्यटक' होण्याचा काळ संपला. स्पेनच्या युद्धात वावरून आलेला हेमिंग्वेही त्याच्या मते शेवटी बाहेरून पाहणारा पर्यटकच. नवा लेखक प्रेक्षक नसतो, तो त्या नाट्यातला सहभागी असतो. ग्रीक पुराणातला ऑर्फियस नरकात उतरतो आणि परत येतो. नवा लेखक म्हणजे नरकातूनच वर आलेला प्लूटो. या विचाराची मराठी वाचकाला ओळख करून देण्याची गरज नाही. सहानुभूती आणि स्वानुभव यांचा जो वाद आपल्याकडे झाला, तोच हा वाद. दोघांची गाठ पडली नव्हती, कोणी कोणाचे वाचले नव्हते. शालामोव्हच्या कथा त्याच्या देशात छापल्या जाऊ लागल्या त्या १९८७-८८ च्या सुमारास, आणि तो १९८२ सालीच वारला होता. तरी दोघे एकाच निष्कर्षाला आले. कारण परिस्थितीने त्यांना तेथे आणले. जिथे जिथे साम्य दिसेल तिथे तिथे प्रभावच असला पाहिजे, असे मानणाऱ्या समीक्षकांनी या उदाहरणाचा विचार करावा.

स्टालिनच्या मृत्यूनंतर अमेरिकन साहित्याची दुसरी लाट आली. १९५५ साली 'इनोस्त्रान्नाया लितेरातुरा' म्हणजे 'परदेशी साहित्य' हे मासिक सुरू झाले आणि त्याच वर्षी त्यात हेमिंग्वेची 'म्हातारा आणि समुद्र' ही छोटी कादंबरी आली. १९५९ साली त्याच्या निवडक लेखनाचे दोन काळे खंड निघाले. पुढील दशकात त्याचे दाढीवाले छायाचित्र शिकलेल्या सोव्हिएत घरांच्या भिंतींवर लटकू लागले. तीस वर्षे मोठमोठ्या घोषणा ऐकलेल्या पिढीला त्याच्या लिखाणातली शांतता भावली. त्याची माणसे कमी बोलतात आणि महत्त्वाचे तर बोलतच नाहीत. १९६० साली त्याच मासिकात रीता राइट-कोव्हाल्योव्हा यांनी केलेले सॅलिंजरच्या 'द कॅचर इन द राय'चे भाषांतर आले. शाळेतून काढलेला सोळा वर्षांचा होल्डन न्यूयॉर्कमध्ये एकटा भटकतो, अशी ती कादंबरी.

पुढच्याच वर्षी वासिली आक्स्योनोव्ह याची 'ताऱ्यांचे तिकीट' ही पोवेस्त आली. शाळा संपवलेली मॉस्कोतील चार मुले आईबापांनी आखून दिलेली वाट सोडून बाल्टिक किनाऱ्यावर पळून जातात. त्यांची रस्त्यावरची बोली, थोरांच्या ढोंगाचा तिटकारा, दिशाहीन भटकंती हे सारे सॅलिंजरच्या वाचकाला ओळखीचे वाटावे असे. पण पैसे संपतात आणि ती मुले एस्टोनियातील मच्छीमारांच्या सामुदायिक संस्थेत कामाला लागतात. होल्डनला कोठेच जागा सापडत नाही. आक्स्योनोव्हच्या मुलांची भटकंती श्रमापाशी येऊन थांबते. काही टीकाकारांना हेही पुरेसे वाटले नाही आणि त्यांनी आक्स्योनोव्हला पाश्चात्त्यांचा नकलाकार ठरवले. अनुकरणाचा आरोप प्रस्थापितांच्या हाती नेहमीच तयार असतो. नवे बोलणे अडचणीचे ठरले की ते परके आहे असे म्हणायचे, ही रीत कोणत्याही एका देशाची नाही.

'म्हातारा आणि समुद्र'चे सोव्हिएत भावंड पाहायचे तर व्हिक्टर अस्ताफ्येव्ह याच्या 'मत्स्यराज' या १९७६ सालच्या कथामालेतील त्याच नावाची कथा वाचावी. हेमिंग्वेचा सांतियागो चौऱ्याऐंशी दिवस रिकाम्या हाताने परततो, मग त्याच्या गळाला प्रचंड मासा लागतो. तो त्याला मारतो, शार्क मासे त्याचे लचके तोडतात, आणि म्हातारा हाडांचा सापळा घेऊन किनाऱ्याला येतो. हरूनही न हरलेला. अस्ताफ्येव्हचा इग्नात्यिच येनिसेइ नदीत बेकायदा आकड्यांच्या दोरीने मासे धरणारा चोरटा मच्छीमार. त्यालाही असाच अफाट मासा लागतो. मदतीला भावाला बोलावले तर वाटा द्यावा लागेल, म्हणून तो एकटाच झुंजतो, पाण्यात पडतो आणि स्वतःच्याच आकड्यांत अडकतो. आता शिकारी आणि शिकार एकाच दोरीला. त्या मरणाच्या दारात त्याला आठवते ती तरुणपणी आपण अपमानित केलेली, नासवलेली एक मुलगी. तो मनोमन क्षमा मागतो. मासा आकडे तोडून, जखमी होऊन निघून जातो आणि त्याला हलके वाटते. हेमिंग्वेकडे प्रश्न शौर्याचा आहे. अस्ताफ्येव्हने त्याच नावेत अपराध आणून बसवला.

चिंगीझ ऐत्मातोव्ह या किरगीझ लेखकाचे उदाहरण आणखी निराळे. त्याच्या वडिलांना १९३८ साली स्टालिनी राजवटीने गोळी घातली होती. १९७७ साली त्याने समुद्रावरची एक कथा लिहिली. तीन पुरुष आणि एक लहान मुलगा शिकारीला नावेतून निघतात; दाट धुके पडते; पिण्याचे पाणी संपत येते. मुलाला पाणी उरावे म्हणून आजोबा, काका आणि शेवटी बाप एकेक करून निमूटपणे समुद्रात उतरतात. मुलगा वाचतो. छोटी नाव, अफाट समुद्र, माणसाच्या धैर्याची कसोटी ही हेमिंग्वेची चौकट लगेच डोळ्यांपुढे येते. पण या कथेचे बीज ऐत्मातोव्हला मिळाले ते सखालीन बेटाकडच्या निव्ख या अवघ्या काही हजार लोकसंख्येच्या जमातीतील लेखक व्लादिमीर सांगी याच्याकडून, आणि कथा त्यालाच अर्पण केलेली आहे. जगप्रसिद्ध कादंबरीने चौकट ओळखीची केली असेल. परंतु जीव दिला तो एका लहान जमातीच्या आठवणीने. प्रभाव शोधणाऱ्यांची नजर नेहमी मोठ्या नावाकडे जाते आणि लहान जमातीचे नाव तळटीपेतही येत नाही, हे आपल्या ध्यानी असावे.

आता या साऱ्या व्यवहाराची दुसरी बाजू. अमेरिकेतून काय यावे आणि काय येऊ नये, हे वाचक ठरवत नव्हता. ते शासन ठरवत होते. हॉवर्ड फास्ट याला १९५३ सालचा स्टालिन शांतता पुरस्कार मिळाला. त्याने पक्ष सोडताच त्याची पुस्तके तिथल्या दुकानांतून दिसेनाशी झाली. रिचर्ड राइट हा कृष्णवर्णीय लेखक कम्युनिस्ट होता तोवर गौरवला गेला. १९४४ साली त्याने पक्षाशी फारकत जाहीर केल्यावर तोही नकोसा झाला. हेमिंग्वेची स्पेनवरची कादंबरी १९४० साली निघाली, पण सोव्हिएत वाचकाला ती उघडपणे मिळाली १९६८ साली, आणि तीही कापून.

कृष्णवर्णीयांच्या बाबतीत हे अधिकच बोचते. क्लॉड मॅके हा कवी १९२२ साली मॉस्कोला गेला. त्याचे अमेरिकेतील निग्रोंवरचे पुस्तक १९२३ साली आणि झुंडबळींवरच्या कथा १९२५ साली रशियन भाषेत निघाल्या. १९३२ साली लँग्स्टन ह्यूजसह कृष्णवर्णीय तरुणांचा एक गट अमेरिकेतील वर्णद्वेषावर चित्रपट काढण्यासाठी मॉस्कोत आला. तो चित्रपट शेवटी झालाच नाही. सोव्हिएत वाचकाने अमेरिकेतील झुंडबळींबद्दल मनापासून हळहळ व्यक्त केली, आणि ती खोटी नव्हती. पण १९४४ साली चेचेन, इंगुश आणि क्रिमियन तातार या सबंध जमाती गुरांच्या डब्यांत कोंबून हद्दपार केल्या गेल्या, तेव्हा त्यांच्यावर कथा लिहिण्याची मुभा कोणाला नव्हती. चेचेन हद्दपारीची पार्श्वभूमी असलेली अनातोली प्रिस्ताव्किन याची कथा छापली गेली ती १९८७ साली. दूरच्या गुलामाचे कथानक छापायला परवानगी आणि घरच्या गुलामाच्या कथानकाला बंदी, अशी ही व्यवस्था होती. एका शतकापूर्वी झारच्या राज्यात 'अंकल टॉम'वर बंदी घालणाऱ्यांना निदान साम्य कळले होते. नव्या राज्यकर्त्यांनी टॉम छापला आणि साम्य छापू दिले नाही.

अण्णा भाऊ साठे १९६१ साली रशियाला गेले, परत येऊन त्यांनी त्या प्रवासाचे पुस्तक लिहिले, आणि गॉर्कीवरची आपली श्रद्धा त्यांनी कधी लपवली नाही. म. ना. वानखेडे, जनार्दन वाघमारे यांनी कृष्णवर्णीयांचे साहित्य मराठी वाचकांपुढे ठेवले. यात लपवण्यासारखे काही नाही. कोणतेही जिवंत साहित्य बाहेरचे घेते. गावकुसाबाहेर ठेवलेल्यांना गावातल्या साहित्यात पूर्वजच नव्हते. त्यांनी ते समुद्रापलीकडे शोधले तर त्यात नवल कसले?

शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी प्रभावाचा अभ्यास जरूर करावा. मात्र साम्यांची यादी करून थांबू नये. दोन कृती शेजारी ठेवाव्यात आणि तीन गोष्टी विचाराव्यात. घेणाऱ्याने काय टाकले? शेवट कोठे बदलला आणि कोणत्या सामाजिक कारणाने बदलला? आणि उसन्या चौकटीत त्याने आपल्या घरचा प्रश्न मांडला, की तो टाळण्यासाठी परक्याचा प्रश्न पुढे केला? बेन्दरचे दहा लाख, सरपटणाऱ्या वैमानिकाला मिळालेला घास, इग्नात्यिचला आठवलेली मुलगी या जागा कोणत्याही अमेरिकन पुस्तकात सापडत नाहीत. तेथे त्या त्या लेखकाचा समाज बोलतो.

दलित कथेलाही हीच कसोटी लावावी. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथेतील नायक आपली जात लपवतो आणि ती उघड झाल्यावर मार खातो. कातडीच्या रंगावर उभ्या असलेल्या समाजातही माणसे आपला वंश लपवतात. अमेरिकेत त्यावर कादंबऱ्या झाल्या आहेत. परंतु येथे कातडी सारखीच असते. माणूस ओळखला जातो तो आडनावावरून, गावावरून, वस्तीवरून. 'तुम्ही कोण?' हा साधा प्रश्न येथे चौकशीचा दगड होऊन अंगावर येतो. त्या प्रश्नाचे कथानक अमेरिकेतून आणता येत नाही. ते येथल्या प्रत्येक भाड्याच्या खोलीच्या दारात रोज घडते.